डोळ्यावरची नवी साय

आमच्या कुरकुंभच्या लॅबमध्ये एन्झाइम तपासायची साधी पद्धत आहे. दुधाची पावडर घालून थिजवलेल्या पांढऱ्या बशीवर एक थेंब टाकायचा. काही तासांनी थेंबाभोवती दूध पचतं आणि स्वच्छ गोल खळं पडतं. हा एन्झाइमचा माल पुढे कपडे धुण्याच्या पावडरीत जातो. त्यामुळे जेव्हा पुण्याच्या डोळ्यांच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या की चष्मा घालवायच्या लेसरनंतरची जखम नीट भरावी म्हणून एन्झाइमच्या थेंबांवरही संशोधन चाललंय, तेव्हा मी खुर्चीत ताठच झाले. अगं बाई, डाग खाणारी वस्तू डोळ्यात?

त्या हसल्या. म्हणाल्या, "सगळी एन्झाइम तुमच्या कारखान्यातली नसतात हो! अश्रूंतही असतात. जखम भरताना डोळाच ती सोडतो. मेलेलं कापून काढतात, मग नव्या पेशी कडेकडेनं सरकत येतात. फार झाली तर मात्र डाग राहतो."

मला हे भलतंच आवडलं. चष्म्यावर सेफ्टी गॉगल चढवून, वाफेनं दोन्ही आंधळे करून मी आठ वर्षं काढली होती, म्हणून तर लेसरचा घाट घातला. माझं बुबुळ पातळ, त्यामुळे वरची सायीसारखी कातडी काढूनच लेसर मारला, वर पट्टी म्हणून मऊ लेन्स ठेवली. डोळ्यात पाणी जाऊ द्यायचं नाही, एवढंच दहा वेळा बजावलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी उजव्या डोळ्यात अशी आग उठली की काही सुचेना. कारखान्यात एकच धडा घोटून घेतलेला: डोळ्यात आग झाली की विचार करायचा नाही, पळायचं आणि पंधरा मिनिटं पाणी मारायचं. मी पळाले. मोरीतला नळ सोडला, डोळा ताणून धरला आणि टाकीच्या पाण्यानं धूत सुटले. माझे सासरे, आबा, धावत येईपर्यंत लेन्स वाहून गेली होती. मूर्ख मी! शिकलेली, लॅबवाली, दर वर्षी नव्या पोरांना आयवॉश शिकवणारी!

आबांनी आधी नळ बंद केला. ते रेल्वेत गँगमन होते. रुळावर घण मारताना लोखंडाचा कण एका डोळ्यात उडाला, त्यांनी पाणी मारलं आणि तसेच कामाला लागले. त्या डोळ्यात पांढरं फूल पडलं, ते कायमचं. नवरा कामाच्या पाळीला गेलेला, म्हणून आबांनीच माझा हात धरून दौंड स्टेशन गाठलं आणि मिळेल त्या गाडीनं पुण्याला नेलं.

दवाखान्यात मी तोंड उघडायच्या आत आबा म्हणाले, "म्या धुतला डोळा. तिचा काय दोष न्हाई."

डॉक्टरीणबाईंनी त्यांना चांगलंच झापलं. मला ते सोसेना. "खोटं बोलतायत ते. मीच धुतला," मी म्हटलं आणि हमसून हमसून रडले.

बाईंनी डोळ्यात रंग टाकून निळा दिवा लावला. संगणकाच्या पडद्यावर मधोमध मोठा हिरवा ठिपका चमकत होता. जिथं साय नाही तिथं हिरवं. टाकीतल्या पाण्याचे जंतू आत गेले असतील तर डोळ्याला डाग, असं त्यांनी स्पष्टच सांगितलं. मी एन्झाइमचे थेंब मागितले. "ते अजून अभ्यासात आहेत. तुमचा डोळा स्वतःचीच वापरेल," असं म्हणून त्यांनी नवी लेन्स आणि जंतूंवरचं औषध दिलं.

चार दिवस आबांनी ड्यूटी लावल्यासारखे घड्याळ बघून थेंब घातले. मला मेलीला भीतीतही कुतूहल! डोळे मिटून पडले की वाटे, आता कडेनं पेशी किती सरकल्या असतील?

पाचव्या दिवशी परत निळा दिवा. पडदा काळाभोर. हिरवं कुठंच नाही, डागही नाही. आबांनी पडद्याला नाक लावून दोनदा बघितलं.

मग त्यांनी हळूच विचारलं, "माझ्या डोळ्याला लावता का दिवा?"

बाईंनी लावला. बराच वेळ बघितलं. म्हणाल्या, "जुनं आहे, थेंबांनी नाही जायचं. आबा, तेव्हाच का नाही आलात?"

"तवा वाटलं," आबा म्हणाले, "दुसरा हाय की."