शिंगाड्याचं फूल पाहायला मौद्याकडे

"मौद्याले कोणी फिरायले जाते का गा?" शेजाऱ्यानं विचारलं. आम्ही गेलो. कोराडीहून स्कूटरवर, ऑक्टोबरच्या उन्हात, एक फूल पाहायला. तुम्हालाही जायचं असेल तर वाचा, आणि आमच्यासारखं सकाळी जाऊ नका.

आधी कारण सांगतो. माझी बायको शोभा रोज सकाळी फिरायला जाते आणि दिसेल त्या झाडाझुडपाचा फोटो काढते. कुंपणावरची घाणेरी, नालीकाठचा धोतरा, कोणाच्या अंगणातलं सीताफळ, काही सुटत नाही. आमच्या कॉलनीत वीज केंद्राची राख पानांवर बसते, म्हणून आधी पदरानं पान पुसायचं आणि मग फोटो. तो नावासकट चाळीस नातेवाइकांच्या ग्रुपवर जातो. ऑगस्टमध्ये तिनं तलावाकाठचं एक तरंगतं पांढरं फूल टिपलं आणि लिहिलं, 'शिंगाड्याचं फूल. शिंगाडे खाल्ले सगळ्यांनी, फूल पाहिलं कोणी?' दहा मिनिटांत माझ्या थोरल्या भावाचा, म्हणजे दादांचा निकाल आला: 'हे शिंगाड्याचं फूल नाही. माहिती नसताना लिहू नये.' दादा शेतकी कॉलेजात शिकलेले, त्यामुळे झाडपाल्याबाबत घरात त्यांचा शब्द शेवटचा. खाली अकरा जणांचे अंगठे.

दुसऱ्या दिवसापासून शोभाचे फोटो बंद. विचारलं तर म्हणे, "वेळ नाही भेटत." फिरायला जायची, पण फोन घरी ठेवून. दोन महिने मी हे पाहिलं आणि खरं सांगतो, मला फार लागलं. मला फुलांतलं ओ की ठो कळत नाही. पण दादांची एकदा जिरवायचीच, असं मी ठरवलं. शिंगाड्याची शेती मौद्याकडच्या तलावांत होते हे ऐकून होतो. म्हटलं, चल, पुरावाच आणू.

सकाळी सातला निघालो. शहरात न शिरता रिंग रोडनं भंडारा रोड पकडला. रस्ता सरळ आणि गुळगुळीत, फक्त कोळशाच्या ट्रकांमागे राहू नका, डोळ्यांत कचरा जातो. वाटेत एका टपरीवर तर्री-पोहे खाल्ले. तर्री अशी की कान गरम झाले. कन्हानचा पूल ओलांडला, मौदा मागे टाकलं आणि विचारत विचारत एका गावच्या तलावावर पोहोचलो. पन्नासेक किलोमीटर झाले असतील, पेट्रोल दीडशेचं पुरलं.

तलाव हिरव्या पानांनी गच्च भरलेला, पण फूल एकही नाही. काठावर इंदूबाई नावाच्या एक बाई शिंगाडे निवडत बसल्या होत्या. हा तलाव त्या आणि त्यांचे यजमान कसतात.

"फूल पाहाले आले? मग सकाळीच काहून आले?" त्या हसल्या. "ते दुपारी तीन-चारच्या नंतर उमलते. आता बसा, का घरी जाऊन परत येता?"

बसलो. सहा तास. मी दोनदा कुरकुर केली, शोभानं एकदाही नाही. ती काठाकाठानं फिरून बेशरमाचे, माक्याचे, बाभळीच्या शेंगांचे फोटो काढत राहिली. दोन महिन्यांनी तिच्या हातात फोन पाहून मी कुरकुर थांबवली. दुपारी इंदूबाईंनी उकडलेले शिंगाडे आणि मीठ-मिरची दिली. पैसे देऊ केले तर रागावल्या.

साडेतीनला त्यांच्या यजमानांनी आम्हाला डोंग्यात घेतलं. डोंगा म्हणजे अरुंद लाकडी होडी, जीव मुठीत धरून बसायचं. आणि मग पानांच्या मधोमध दिसलं, नखाएवढं, पांढरंशुभ्र, पाण्याच्या जरासं वर. यजमानांनी अख्खं झाड उलटं करून दाखवलं, तर खाली दोन शिंगांचे लालसर शिंगाडे लटकलेले. फूल फळलं की मान खाली घालून पाण्यात जातं, असं ते म्हणाले.

शोभानं फोटो काढले. मग तिनं फोनमधला ऑगस्टचा फोटो काढून माझ्यापुढे धरला.

"मोजा बरं पाकळ्या."

समोरच्या फुलाला चार. फोटोतल्या फुलाला पाच, आणि त्यांवर केसांसारखी बारीक झालर. काठावर आल्यावर इंदूबाईंनी फोटो पाहिला. "हे व्हय? हे तर आमी उपटून फेकतो. हे पसरलं का शिंगाडा दबते."

म्हणजे दादा बरोबर होते. माझं तोंड कडू झालं.

परतीच्या वाटेवर चहाला थांबलो तेव्हा मी हळूच म्हटलं, "नवाच फोटो टाकून दे. जुना कोण उघडून पाहून राहिलं? सगळे म्हणतील, शोभाचं खरं निघालं."

"मले माहीत आहे ना मी चुकली म्हणून," ती म्हणाली आणि चहा संपवला.

घरी आल्यावर तिनं हातपाय धुतले आणि दोन्ही फोटो शेजारी शेजारी लावून लिहिलं: 'ऑगस्टमधलं फूल शिंगाड्याचं नव्हतं. मी चुकले होते. शिंगाड्याला चार पाकळ्या असतात, आज तलावात जाऊन मोजल्या. पाच पाकळ्यांच्या फुलाचं नाव मला माहीत नाही.' चाळीस लोकांसमोर. आमच्या खानदानात आजवर कोणी चूक कबूल केल्याचं मला तरी आठवत नाही. मी स्वतः तर त्यातला मेरुमणी.

मग दादांचा मेसेज आला: 'शोभा, शिंगाड्याचं फूल मी आज पहिल्यांदा पाहिलं. तेव्हा अंदाजानं ठोकून दिलं होतं.'

माझ्या अंगात एकदम बळ आलं. आता मी त्यांना चार शब्द सुनावणार, तेवढ्यात शोभानं माझ्या हातातून आपला फोन काढून घेतला आणि मला न विचारता उत्तर दिलं: 'पण दादा, बरोबर तर तुम्हीच होता.'

आता सकाळचे फोटो पुन्हा सुरू झालेत. मौद्याकडे तुम्हीही जा, दुपारी जा, सोबत टोपी आणि पाणी ठेवा. फूल छान आहे. पण मी तिथून वेगळंच काही घेऊन आलो. लग्नाला एकतीस वर्षं झाली, बायकोची ओळख करून देताना मी 'हिला फुलांचे फोटो काढायचा नाद आहे' असं थोडं हसत सांगायचो. सांगतो अजूनही तेच. फक्त हसत नाही.