धुक्यात गेलेला गोटा

सावंगीच्या दवाखान्यातून वहिनींचा फोन आला, तेव्हा मी सिंदीच्या स्टेशनसमोर चहा पीत होतो. "भाऊजी, हे गेले," एवढंच त्या म्हणाल्या... मी कप खाली ठेवला आणि डोळ्यांपुढे प्रभाकरचा चेहरा यायच्या ऐवजी धुक्यात शिरणारा एक गोटा आला. महिना उलटला, अजून तोच दिसतो.

आम्ही दोघं मित्र, एकाच शाळेत शिकवलं. तो इतिहास, मी गणित. निवृत्त झाल्यावर लोक देवदर्शनाला जातात. हा घरामागच्या शेतात बसून थेट जुन्या ग्रीसला गेला. तिथल्या लोकांनी दगड फेकायची यंत्रं केली होती. लाकडी चौकट, तिच्यात पीळ घातलेल्या दोरांचे दोन जुडगे, त्यांत अडकवलेले दोन दांडे. दांडे मागे ओढले की पीळ आवळतो, सोडले की दगड सुटतो. "तोफेची आजी हाये हे," प्रभाकर म्हणायचा, आणि ग्रीकांबद्दल असं बोलायचा जणू ते शेजारच्या सेलूला राहतात. त्याला एकच ध्यास होता. आपल्या यंत्राचा गोटा शेताच्या टोकाचा नाला ओलांडून पलीकडे पडावा.

अंबाडीच्या दोरानं ते जमेना. गोटा दरवेळी नाल्यात, डुबुक. मग त्यानं वाचलं की ग्रीक लोक केसांचेही दोर वळत. झालं, वहिनींच्या गुंतवळावर याचा डोळा. आमच्याकडे बायका विंचरून निघालेले केस जपून ठेवतात आणि दारावर येणाऱ्या भांडीवालीला देऊन वाटी-चमचा घेतात. वहिनींनी वाट्यांवर पाणी सोडलं. पुढे आळीतल्या बायकाही हसत हसत पुरचुंड्या आणून देऊ लागल्या. वर्षानुवर्षं दोर वळला जात होता, आत काळा, वर पांढरा होत गेलेला... उन्हात त्या यंत्राला खोबरेलाचा वास यायचा. मला तो फार आवडायचा.

यंदाच्या थंडीत एका सकाळी दोर चढला. धुकं इतकं की नाला दिसेना. "ऊन पडू दे," मी म्हटलं. "नाई, आत्ताच," प्रभाकर म्हणाला. त्याचं हृदय थकलं होतं, म्हणून पीळ मी आवळला, खटका त्यानं ओढला. गोटा धुक्यात शिरला. वहिनी धरून आम्ही तिघं कान देऊन उभे... डुबुक नाही, धप्प नाही. मी बघायला निघालो तर त्यानं हात धरला. "राहू दे ना बाप्पा. जाऊन राह्यला असन अजून." त्याच्या लेखी गोटा अजून चाललाच होता. पुढे खाटेवर पडल्या पडल्या तो विचारायचा, कुठवर गेला असन? कधी तो गोटा गिरडच्या टेकडीवर असायचा, कधी समुद्रावर. तेव्हा त्याचा चेहरा इतका सुखी दिसायचा की मीही मुक्काम सुचवू लागलो.

परवा मी नाला ओलांडून गेलो. पलीकडची तूर कापून झाली होती. काठापासून चांगलाच आत, मऊ मातीत गोटा रुतला होता, आणि त्यावर कुंकवाचं पुसट बोट होतं. परतलो तेव्हा वहिनी ओसरीवर केस विंचरत होत्या.

"वहिनी, पलीकडं पडला होता."

"मले ठाऊक हाये. दुसऱ्याच दिवशी पाहून आलती मी."

"मंग त्याले काऊन नाई सांगतलं?"

"पडला म्हटलं असतं, तं गोट्यासंगं त्याइचं जाणं थांबलं असतं, भाऊजी."

गल्लीत भांडीवालीची हाक आली. वहिनींनी कंगव्यातले पांढरे केस बोटाभोवती गुंडाळले, उठल्या, आणि यंत्राच्या दोरासाठी खुंटीला टांगलेल्या त्या जुन्या पिशवीत ठेवून दिले.