डॉक्टरबाई आणि तिसरा दाणा

आदरणीय डॉ. सुमतीबाईंची आणि आमची पहिली भेट त्यांच्या भोकरदनच्या दवाखान्यात झाली. तेव्हा आमच्या मुलीचे बारसेही झाले नव्हते. दूध पिताना तिला धाप लागे. बाईंनी तिचे डोळे आणि तळहात पाहिले, छातीला नळी लावून बराच वेळ ऐकले आणि आम्हाला तपासण्यांसाठी संभाजीनगरला पाठवले. मुलीला डाउन सिंड्रोम होता आणि हृदयाला छिद्र होते.

आमचे घर शिंपीकामावर चालते. माझी पत्नी सविता हिने सहाव्या महिन्यात, ग्रहण लागलेले असताना, एका गिऱ्हाइकाचा ब्लाऊज शिवला होता. तीच सुई लेकराच्या काळजातून गेली, असे माझी आई म्हणे. सवितालाही ते खरे वाटू लागले. तिने मशीनला हात लावणे सोडले. तिला मुलीसह कायमचे माहेरी, आष्टीला पाठवायचे आईने ठरवले, गाडीही सांगून ठेवली.

बाईंना हे कळले, तेव्हा त्यांनी आईला मुद्दाम बोलावून घेतले.

"बसा, आजी."

"आजी कुणाला म्हणता? तुमच्याहून ल्हान हाय मी."

"नात झाली ना? मंग आजीच."

आईने जन्मभर लोकांच्या रानात कापसाची सरकी लावली आहे, हे बाईंनी आधीच विचारून घेतले होते. माणसाच्या पेशीत गुणसूत्रांच्या तेवीस जोड्या असतात. मुलीच्या एकविसाव्या जोडीत दोनऐवजी तीन आली होती. हे त्यांनी आईला सरकीवरून सांगितले. एका जागी दोन दाणे टाकताना कधी तिसरा पडतो. तो पडला सविताला दिवस राहिले तेव्हाच, ग्रहणाच्या कितीतरी आधी.

आई म्हणाली, "जास्तीचं रोप आम्ही उपटून टाकतो."

सविताने मुलीला पदराखाली घेतले.

"हे उपटता येत न्हाई," बाई शांतपणे म्हणाल्या. "तिच्या अंगभर तेच आहे. डोळ्यांत, हातांत, हसण्यात. ते काढायला गेलात तर नातच उरणार न्हाई. आणि यात सुनेचा बिलकुल दोष न्हाई."

मग त्यांनी मुलीला आईच्या मांडीवर दिले आणि नळी आईच्या कानांना लावली. आई खूप वेळ ऐकत राहिली.

"लई जल्दी पळून राह्यलं," ती म्हणाली. कानांतून नळी काढून तिने विचारले, "मंग नाव काय ठेवायचं हिचं?"

गाडी रद्द झाली. बारशाला बाई स्वतः आल्या. हृदयाच्या शस्त्रक्रियेच्या दिवशी त्या संभाजीनगरला आमच्यासोबत बाकावर बसून होत्या. पुढे एकदा त्यांनी ब्लाऊजचे कापड आणून सवितापुढे ठेवले आणि बाही घट्ट झाली तर पैसे देणार नाही, असा दम भरला. सविताने त्या दिवशी मशीन पुन्हा सुरू केली. बाही घट्टच झाली होती, पण बाईंनी शिलाईचे पैसे पूर्ण दिले.

बाईंनी सांगितलेले व्यायाम आता आईच नातीकडून करून घेते. मुलगी मान धरायला, बसायला, चालायला, सगळे उशिरा शिकली. बोलणे अजून दोन-चार शब्दांचे आहे. विचारले की बाई म्हणतात, जमेल, वेळ लागेल. त्यांच्याकडे येणाऱ्या अशा सगळ्याच मुलांना वेळ लागणार आहे. म्हणून पंचाहत्तरी पूर्ण करणाऱ्या आमच्या डॉक्टरबाईंना निरोगी आणि खूप दीर्घ आयुष्य मिळो. आमच्या लेकरांना त्याची गरज आहे.