परतीची नळी

आमच्याकडे गाडी होती आणि आमच्या आईनं राजूर घाट जन्मभर पायी चढला.

मोताळ्याकडून बुलढाण्याला जाताना मध्ये हा घाट लागतो, आणि बाबांची जुनी अँबेसिडर तो भरलेली चढत नसे. पायथ्याशी गाडी थांबायची. बाबा मागं न बघता म्हणायचे, "हं, उतरा!" आई, मी, डबे, पिशव्या, सगळे खाली. गाडी हलकी होऊन फुरफुरत पुढं, आम्ही धूर खात मागं. बाबा मात्र कधीच उतरत नसत, कारण ते चालक! (माझं आयुष्यातलं पहिलं पत्रक याच अन्यायावर होतं: 'घाटात बायांनीच का उतरावं?' कॉलेजात वाटलं. घरी आईनं त्यात शेंगदाणे बांधले.)

"माह्या नशिबात या गाडीचं ढुंगणच लिहेल हाय," आई म्हणायची आणि हसायची. मग तिचे गुडघे गेले आणि हसणंही कमी झालं. बुलढाण्याला मावशीकडे जायचं तर ती बसनं जाऊ लागली. पण जाताना शेडमधल्या गाडीकडे अशी बघायची, जशी माणसं न झालेल्या सोयरिकीच्या घराकडे बघतात. एकदा तांदूळ निवडता निवडता ती खडे ऐकतील इतक्याच आवाजात म्हणाली, "एक बार तं पुढच्या सीटवर बसून वर गेली असती."

खड्यांनी ऐकलं नाही. बाबांनी ऐकलं.

बाबांचा धंदा शेतात ठिबकचे संच जोडून देण्याचा. त्यांचे जिवलग मित्र रफीकचाचा, ट्रॅक्टरचे मिस्त्री. (दोघांपैकी एकालाही 'हे आपल्याच्यानं होणार नाही' असं वाक्य येत नसे.) चाचांनी भंगारातल्या एका पिकअपचा टर्बो आणला. टर्बो म्हणजे गाडीच्याच धुरावर फिरणारा पंखा. तो इंजिनात हवा कोंबतो आणि म्हाताऱ्या गाडीला जवानी येते.

"मगर भाऊ, हवा बढी तो पेट्रोल भी बढना," चाचा म्हणाले. "नवा पंप लागते. तो जोरात फेकते. इंजिनले लागते तेवढं इंजिन पिते, बाकीचं वापस टाकीत गेलं पाह्यजे. वापसीची लाइन टाका लागते."

"अबे, हे तं आपलं बायपास!" बाबा उडालेच. ठिबकमध्ये मोटरीचं जास्तीचं पाणी परत विहिरीत सोडतात, तेच हे. "हे काम तं मी झोपीत करीन!"

"झोपेत नको. मलकापूरहून पेट्रोलची रबरी नळी आणू. दुकान मंगळवारी उघडंल."

इथं मी मध्ये पडले. मंगळवारी उघडणार म्हणजे काय? मावशीकडे महालक्ष्म्यांचं जेवण सोमवारी! आईनं फोनवर बहिणीला सांगून टाकलं होतं, "या वर्षी गाडीतून उतरीन ते तुह्या दारातच!" बायकोच्या जन्माच्या इच्छेला दुकानदाराच्या सुट्टीनं अडवायचं? मी बादली उलटी करून तिच्यावर उभी राहिले (सवय!) आणि बोलले, "शेतकऱ्याच्या घरात शेडभर नळी पडलेली असताना आपण शहराच्या दुकानापुढं हात का पसरायचे? ही गुलामी आहे! नळी ती नळी!"

"पोरगी बोलते मात्र जोरदार," चाचा म्हणाले.

"माह्यी हाय," बाबा म्हणाले.

एवढ्यावर ठराव मंजूर झाला. परतीची लाइन माझ्याकडे! शेडमध्ये काळ्या नळीची भेंडोळी ढिगानं होती. सगळ्यात गुळगुळीत, नवंकोरं भेंडोळं मी निवडलं, माप घेऊन कापलं, गाडीखाली उताणी पडून इंजिनापासून मागच्या टाकीपर्यंत स्वतः बांधलं. गाडी चालू केली. टर्बोनं शीळ घातली. वास आला.

"पेट्रोलचा वास येऊन राह्यला, चाचा."

"नया काम है, बास तो आएगीच."

सोमवारी आई पुढच्या सीटवर बसली. ठेवणीतलं लुगडं, मांडीवर डबा, पाठ अशी ताठ जसा काही फोटो काढायचा आहे. मागं मी आणि चाचा. रस्ताभर तिनं नाकाला पदर लावला होता.

"काऊन हो, गाडीत बसली का टाकीत?"

"नव्या गाडीले वास असतेच," बाबा म्हणाले. (गाडी माझ्यापेक्षा वयानं मोठी होती.)

पायथा आला. माझा हात सवयीनं दाराच्या कडीवर गेला. बाबा मात्र थांबलेच नाहीत! शीळ घुमली आणि गाडी चढू लागली. पहिलं वळण, दुसरं वळण, कोणी उतरलेलं नाही! आईनं नाकावरचा पदर काढला. काच खाली केली. जिथं ती दम खायला टेकायची तो दगड झर्रकन मागं गेला, तेव्हा तिनं चक्क त्याला हात हलवला. बाबा रस्ता सोडून तिच्याकडेच बघत होते. चाचा मागून ओरडले, "भाऊ, सामने देखो, भाभी घर में भी दिखती!"

तेवढ्यात एक मोटरसायकलवाला बाजूला आला.

"ओ काका! तुमची गाडी ठिबकून राह्यली!"

आता, दुसरा कोणी असता तर घाबरला असता. बाबांनी धंद्याच्या सवयीनं विचारलं, "किती फुटावर?"

"दीड-दीड फुटावर! एका लायनीत!"

बाबांचा चेहरा आरशात मला दिसला. तो हळूहळू माझ्याकडे वळला.

"वैशू. नळी कोनत्या भेंडोळ्याची कापली व्हती?"

"नव्या."

"ते इनलाइन हाय वं! त्याच्यात आतूनच ड्रिपर असतेत!"

म्हणजे असं, की शेडमध्ये साधी नळीही होती आणि दर दीड फुटाला बारीक छिद्र असलेली, पिकाच्या मुळाशी थेंब थेंब सोडणारी नळीही होती. बाहेरून दोन्ही सारख्याच काळ्या. मी शोधून शोधून दुसरी निवडली होती. जास्तीचं पेट्रोल टाकीत परत जाण्याऐवजी पायथ्यापासून घाटाला पोसत आलं होतं! राजूर घाटात डांबर जर उगवत असतं, तर त्या वर्षी बंपर पीक आलं असतं.

आणि मोटरसायकलवाल्याच्या ओठात बिडी होती. पेटलेली.

"बिडी!" बाबा, मी आणि चाचा एका सुरात. आजवरच्या माझ्या एकाही घोषणेला इतका प्रतिसाद मिळालेला नाही. तो बिचारा बिडीसकट पार खालच्या वळणापर्यंत पळाला. बाबांनी इंजिन बंद करून मोठा दगड चाकामागं लावला. चाचा रस्त्यावर माती टाकू लागले.

आई बसूनच!

"आई, उतर! भडका होईल!"

"नाही उतरत."

"अगं, जीव जाईल!"

"जाऊ दे. उतरीन ते बहिनीच्या दारातच. लय उतरली मी या घाटात."

मी बाजू मांडली. धोक्याचे मुद्दे मांडले. पेट्रोलच्या थेंबांकडे बोट करून जळजळीत भाषण केलं. (जळजळीत हा शब्द त्या वेळी नको होता.) आई हलेना. शेवटी बाबा तिच्या दाराशी आले, दार उघडलं आणि हळू म्हणाले, "उतर वं. तू नसली तं कोनासाठी चढवू हे डबडं?"

आई उतरली. डबा घेऊन.

मग दोघं लांब कठड्यावर जाऊन बसली. इतक्या वर्षांत घाटात ती एकत्र कधी बसलीच नव्हती. ते वर वाट बघत असायचे, ती खालून येत असायची. आईनं मावशीसाठीचा डबा उघडला आणि त्यातली करंजी बाबांच्या हातावर ठेवली. खाली मोताळ्याकडची हिरवी शेतं पसरली होती. मी माफी मागायला निघाले होते. चाचांनी माझी ओढणी धरून मागं ओढलं. "बैठ, लीडर. अभी सभा नहीं है."

शेवटी मिरच्यांची एक पिकअप थांबली. आई मावशीच्या दारातच उतरली, पोत्यांमधून, शिंकत. तिथं कोणी विचारायच्या आत तिनं सांगून टाकलं, "अर्धा घाट पुढच्या सीटवर आली मी!" अर्धा हा शब्द तिनं असा म्हटला, जसा दुसऱ्या कोणी अख्खा म्हणावा.

उरलेला अर्धा 'पुढच्या वर्षी' ठरला होता. पुढच्या वर्षी बाबा नव्हते.

गाडी विकायचा विषय मी एकदाच काढला. आईनं गाडीची किल्ली पदराला बांधून टाकली. मग मी मलकापूरहून खरी रबरी नळी आणली, चाचांनी बसवली, आणि मी स्टिअरिंगवर, आई पुढच्या सीटवर, अशा आम्ही निघालो. टर्बोनं शीळ घातली. एक थेंब सांडला नाही, कोणी उतरलं नाही. गाडी एका दमात घाट चढून वर आली. मी विजयानं आईकडे पाहिलं.

ती मागं, घाटाकडे बघत होती. "एवढ्यातच?" ती म्हणाली. "संपला?"

तेव्हापासून, मोर्च्यात 'वेग वाढवा!' म्हणून ओरडणारी मी, घाट आला की टर्बोवाली गाडी बैलाच्या चालीनं हाकते. आई काच खाली करते, एकेक दगड बघते, कठड्याशी तर मला जवळजवळ थांबावंच लागतं. मागं हॉर्नचा कल्लोळ. परवा एका ट्रकवाल्यानं मान बाहेर काढून विचारलं, "ओ मॅडम, गाडी चढत नसंल तं उतरून धक्का देऊ का?"

मी रस्त्यावरचा हक्क, नागरिकाची प्रतिष्ठा वगैरे सुरू करणार, तोच आईनं खिडकीतून उत्तर दिलं, "गाडीले काही झालं नाही, भाऊ! एकदा नळी हिनं जोडली व्हती, तवापासून दबकत चालवते!"