एका मुक्कामाचा रस्ता

आमच्या आबाला, म्हणजे माझ्या आजोबाला, कुठलंही अंतर मुक्कामात सांगावं लागे. कोस, मैल, किलोमीटर हे सगळं त्याच्या लेखी थोतांड. मेंढरं घेऊन जन्मभर चाललेला माणूस. वैजापूर त्याच्या हिशेबानं आमच्या बिडकीनहून पाच मुक्काम. घरात सोयरिकीचा विषय निघाला तरी मुलगा काय करतो हे नंतर, आधी "किती मुक्काम?"

धाकटा काका टोरांटोला निघाला तेव्हाही त्यानं तेच विचारलं. मी शाळेतल्या ऐटीत सांगितलं, "मुंबईपासून साडेबारा हजार किलोमीटर, विमानाला पंधरा-सोळा तास." आबा खूश झाला. "म्हंजी एकच मुक्काम? मंग जा की! वैजापूरपरीस जवळ हाय." आम्ही सगळे पोट धरून हसलो.

मग ती दुष्काळाची वर्षं आली. विहीर आटली. चराईच्या रानाला कंपन्यांच्या भिंती लागल्या. छावणीत गुरांचीच भरती, मेंढरांना कोण विचारतो! त्यातच आजी गेली. काकाचा पासपोर्ट तिकडं कुठल्याशा कचेरीत अडकलेला, त्याला येता आलं नाही. हे मी आबाला किती वेळा समजावलं असेल! त्याचं एकच. "एका मुक्कामाचा रस्ता, अन् आईला माती द्याया आला नाय."

त्यानंतर म्हाताऱ्यानं जो दावा धरला, बाप रे! काका दर रविवारी फोन करायचा. आबा फोन घेऊन थेट मेंढरांत जायचा आणि एखाद्या मेंढीच्या कानाला लावायचा. "बोल. ही ऐकती." पलीकडून काका "आबा, आबा" करत राही, इकडून मेंढी ओरडे. आधी मला हसू यायचं, पुढं पुढं आबाची चीड यायला लागली. काकाला बापाकडून एक शब्द हवा होता, शिवी का होईना. तेवढंही तो देईना.

शेवटी काका आला. अंगणात बॅग टाकून पाया पडायला वाकला. आबानं पाय मागं घेतले आणि टँकरच्या पाण्याचा तांब्या पुढं केला.

"पाव्हणं, हातपाय धुवा. गाव कोन्तं म्हनायचं तुमचं?"

पोटच्या पोराला अहो-जाहो! चार दिवस तेच. पाव्हण्याला वाढा, पाव्हण्याला घोंगडी द्या. काकानं पाय धरले, रडला, आजीला जिथं माती दिली तिथं जाऊन डोकं टेकवून आला. आबाचा चेहरा हलला नाही. मी एकदा ओरडलेच, "आबा, माणूस हायस का कोण?"

"पाव्हण्यासमोर हळू बोलावं," तो म्हणाला.

निघायच्या दिवशी दारात गाडी उभी होती. काकानं हात जोडले. "आबा, येतो."

आपल्याकडं यावर 'ये' म्हणतात. वैऱ्यालासुद्धा 'जा' म्हणत नाहीत. आबानं इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्याच्याकडं नीट बघितलं, आणि पहिल्यांदाच त्याला एकेरीत बोलला.

"जा."

काका गाडीत बसला. त्यानं मागं वळून बघितलं नाही. गाडी अजून डांबरी रस्त्यालासुद्धा लागली नव्हती, तोच आबानं माझं मनगट धरलं.

"कुठवर गेला असंल गं आता?"