रूथबाईंची सकाळची फेरी

ठाण्यातल्या बाळकुमचं बैठं घर जाऊन तिथे टॉवर उभा राहिला, तरी सकाळचे नऊ वाजले की कमळाबाईंचे कान दाराकडे लागतात. त्या वेळेला रूथबाई उजगरे यायच्या.

रूथबाई निवृत्त नर्स, वर्तकनगरला एकट्याच राहायच्या. दोघींची ओळख दवाखान्याच्या रांगेतली, तेवढीच. मधुमेहाने कमळाबाईंच्या पायाची जखम चिघळली होती. वासाने घरचेही खोलीत थांबत नसत. रूथबाई मात्र सात महिने रोज बसने येत राहिल्या. कोमट पाण्याने पाय धुवायचा, हलक्या हाताने पट्टी बांधायची.

“बाय, तुला किलस नाय येत?” कमळाबाईंनी एकदा विचारलंच.

“आमच्या प्रभूने बारा जणांचे पाय धुतले,” रूथबाई हसल्या. “माझ्या वाट्याला तर एकच आलाय!”

पाय वाचला. अंगणात पहिल्यांदा चालल्या त्या दिवशी कमळाबाईंनी नवी साडी पुढे केली. रूथबाईंनी ती घेतली नाही. चहा मात्र दोनदा मागून प्यायल्या.

गेल्या वर्षी रूथबाई वारल्या. चर्चमधल्या प्रार्थनेला कमळाबाई गेल्या होत्या. गाणी येत नव्हती, म्हणून शेवटच्या बाकाशी हात जोडून उभ्या राहिल्या. सगळे खाली बसले, तरी त्यांना बसावंसं वाटलं नाही.