मेलेल्या बोराचं पाणी आणि आईची डाळ

आमच्या घरात डाळ शिजत नव्हती. गरिबी होतीच, पण डाळ न शिजायचं कारण गरिबी नव्हतं... पाणी होतं. म्हसवडपासून आत, माळावर आमची वाडी. तिथल्या बोरांचं पाणी असलं मचूळ की साबणाला फेस यायचा नाही, आणि तुरीची डाळ सकाळपासून चुलीवर ठेवली तरी दाणा न् दाणा वेगळा. त्यात आई शाळेत पोषण आहार शिजवायची. पोरांच्या ताटात टणक डाळ पडली की बोलणी तिला. म्हणून ती रोज उजाडायच्या आत माणगंगेच्या वाळूत झरा उकरून एक कळशी गोडं पाणी आणायची — फक्त शाळेच्या डाळीसाठी. घरी आम्ही मचूळच प्यायचो. वडील शिरवळला कंपनीत कंत्राटावर. महिन्यातून एकदा यायचे तेव्हा खाऊ नाही, पाण्याचा कॅन आणायचे, एसटीत मांडीवर धरून. त्या कॅनवरून आम्ही बहीण-भावंडांनी जेवढी भांडणं केली तेवढी इतरांनी पेढ्यांवरून केली नसतील.

त्या घरातली मी पहिली पदवीधर. बी.एस्सी., मग भूगर्भशास्त्रात एम.एस्सी. हे मी मोठेपणासाठी सांगत नाहीये... नाही, मोठेपणासाठीच सांगतेय. कमावलंय ते.

त्यामुळं या सदरातले अद्भुत अनुभव वाचून मी आजवर फक्त हसत आले. कुणी म्हणालं की मला चकवा लागला, तर मी आधी विचारणार — मोबाईलला रेंज होती का? कुणाच्या अंगात आलं तर मी घड्याळ बघणार. आणि तरी आज लिहायला बसलेय. कारण जे घडलं त्याला साक्षीदार आहे, मीटरचं रीडिंग आहे, आणि शिजलेली डाळ आहे.

मी सध्या एका संशोधन प्रकल्पावर काम करते. सातारा-सांगली भागातलं भूजल, त्याची पातळी आणि गुणवत्ता. एका टोकाला कृष्णाकाठ, तिथं उसाला पाणी देऊन देऊन जमिनी खारवल्यात. दुसऱ्या टोकाला आमचा माण, तिथं पाणीच नाही. माझ्यासोबत फील्डला अल्ताफभाई असतात. ते कृष्णाकाठच्या आष्ट्याचे. गाडी तेच चालवतात, पाण्याची पातळी मोजायची टेप बोरात तेच सोडतात, आणि बोलायचं कामही बहुतेक तेच करतात.

"मॅडम, तुमच्याकडं माणसं ऱ्हात्यात कशी हो?" माण लागला की त्यांचं सुरू व्हायचं.

"तुमच्यासारखी पाण्यात बुडून सडत न्हाईत, म्हणून ऱ्हात्यात."

अशी आमची जोडी.

गेल्या मार्चमध्ये आमच्या वाडीचं काम निघालं. नळयोजनेसाठी एकच बोर मंजूर झालेलं, आणि जागा दाखवायची जबाबदारी आमच्या प्रकल्पाकडं. एकच बोर. ते कोरडं गेलं तर परत टँकर, आणि पुढचं बोर कधी ते कुणी सांगायचं? माझं लग्न झाल्यावर मी पहिल्यांदाच वाडीत येत होते, तेही कामासाठी. सगळी वाडी बघत होती की राधाक्काची रेखा शिकून काय दिवे लावते.

आधी दोन दिवस आम्ही जमिनीत वीज सोडून खालचा खडक तपासायचा सर्व्हे केला. यंत्रानं जागा दाखवली ती ओढ्याकाठची. तिथं खडक मऊ, पाणी लागायची शक्यता चांगली. पण आजूबाजूची सगळी बोरं मचूळ, म्हणजे तिथलंही तसलंच लागणार. गोडं पाणी कुठं आहे हे यंत्र सांगत नाही.

तिसऱ्या दिवशी आईनं मला दारातच अडवलं.

"दोन दिस झालं. आता आसरांकडं जाऊन आल्याबिगर कामाला हात लावायचा न्हाई."

वाडीच्या वरच्या अंगाला एक जुनी दगडी विहीर आहे. पायऱ्यांच्या मध्यावर कोनाडा, त्यात शेंदूर लावलेले सात दगड — साती आसरा, पाण्याच्या देवता. लग्न झालेली लेक पहिल्यांदा परत आली की तिनं त्यांना हिरव्या बांगड्या आणि दहीभात ठेवायचा, अशी आमच्याकडची रीत. विहीर मात्र माझ्या लहानपणापासून ठणठणीत कोरडी. तळाला कधीतरी एक बोर मारलेलं, तेही कोरडं गेलं आणि दगडांनी बुजलं. त्याचा लोखंडी पाईप तेवढा तळात उभा.

"आई, विहिरीत पाणी न्हाई आन् पाण्याच्या देवीला बांगड्या?"

"पाणी न्हाई म्हनून काय त्यास्नी माहेरचं मानूस नको व्हय? जा गप. दहीभात सांडू नको."

गेले. आईशी वाद घालण्यापेक्षा विहिरीच्या पायऱ्या सोप्या. अल्ताफभाई खांद्याला टेप अडकवून मागोमाग आले. वरच त्यांनी चपला काढल्या.

"तुमी कशाला काढताय?"

"आमच्याकडं बी विहिरीत चपला घालून कोन उतरत न्हाय. पानी हाय ते."

पाणी हाय ते! आष्ट्याच्या माणसाच्या डोक्यात कोरडी विहीर शिरतच नाही. मी कोनाड्यात बांगड्या ठेवत होते, तेवढ्यात ते खाली तळात पोचले, पाईप दिसला, आणि नेहमीच्या सवयीनं त्यांनी टेप आत सोडली. आमच्या वाडीतल्या पोरानंसुद्धा हे केलं नसतं.

"आवं, तितं काय मोजताय? मेलेलं बोर हाय ते!"

टेपच्या टोकाला सेन्सर असतो. पाण्याला टेकला की वरचा बझर वाजतो.

बझर वाजला.

चांगला लांब, सणसणीत. रिकाम्या विहिरीत तो असा घुमला की कठड्यावरचे पारवे उडाले. मी म्हटलं, सेन्सर खराब झाला. टेप वर ओढायला लावली, सेन्सर पुसला, परत सोडली. परत वाजला. टेप वर आली तर खालचा भाग ओला. मी बोट लावून बघितलं... गार पाणी.

आणि तेव्हा तो आवाज आला. पाईपातून. बांगड्यांची किणकिण, आणि मागं बायका हसतात तसं काहीतरी. पाणवठ्यावर चार जणी जमल्यावर कुणाची तरी टिंगल चालते ना, तसलं हसणं. घाबरवणारं अजिबात नाही. खरं सांगते, मला एकदम बरं वाटलं... माहेरी आल्यासारखं.

अल्ताफभाई पाईपापासून दोन पावलं मागं सरले. "मॅडम... खाली कोन हाय?"

"वीतभर पाईपात कोन असनार, अल्ताफभाई?"

"मंग हसतंय कोन?"

मी काय केलं सांगू? सॅम्पल घेतलं. शिकलेल्या माणसाला कळेनासं झालं की तो आधी सॅम्पल घेतो. नळीसारखं लांबट भांडं दोरीनं सोडलं, भरून वर आलं. मीटर बुडवला. आमच्या वाडीच्या बोरांच्या पाण्यात क्षार किती असतात ते मला तोंडपाठ. इथला आकडा त्याच्या चौथाईसुद्धा नव्हता. बाटल्या भरल्या, लेबलं लावली, भांडं परत परत सोडून गाडीतली बादली भरली आणि पळतच शाळेत गेलो.

आई शेडमध्ये डाळ निवडत होती. मी बादली पुढं ठेवली. तिनं ओंजळभर पाणी तोंडात घेतलं, घोळवलं, माझ्याकडं बघितलं. मग गुमान झऱ्यावरनं आणलेली कळशी बाजूला सारली आणि बादलीतल्या पाण्यात डाळ टाकली.

त्या दिवशी डाळ अशी शिजली की पळी फिरवायच्या आधीच मोडली. अल्ताफभाईंनी तीन वेळा आमटी मागून घेतली.

"पाव्हनं, आष्ट्यात जेवन मिळत न्हाई व्हय?" आई म्हणाली.

"मिळतं की मावशी. पन हितं देवाच्या पान्याचं हाय."

"मंग जरा जपून खावा. देवाला बी लागंल."

जेवून आम्ही सगळं सामान घेऊन परत विहिरीवर गेलो. टेप सोडली. बझर नाही. टेप तळाच्या दगडावर खटकन आपटली. वर आली तर टोकाला कोरडी धूळ. भांडं सोडलं, त्यात खडे आले. मी पाईपाला कान लावून बसले, अल्ताफभाईंनी मोबाईलचा टॉर्च मारला. आत नुसते बुजलेले दगड दिसत होते. पायऱ्या चढताना मी कोनाड्यात बघितलं. हिरव्या बांगड्यांवर पाण्याचे थेंब होते. मार्चचं भर दुपारचं ऊन, आणि थेंब ताजे.

"आपनच सांडलं असंल मघाशी," अल्ताफभाई हळूच म्हणाले.

"आसंल."

आम्ही दोघांनीही त्यावर विश्वास ठेवला नाही.

सांगलीच्या लॅबमधून रिपोर्ट आला. उत्तम पाणी, क्षार कमी, नायट्रेट नावाला. आमच्या प्रकल्पाच्या सरांनी चष्मा काढला. "रेखा, हे अल्ताफच्या घरच्या बाटलीतलं पाणी असणार."

मला ही शंका आधीच आलेली. अल्ताफभाईंच्या बाटलीतलं पाणीही मी तपासून घेतलं होतं. ते वेगळंच निघालं.

"मग रिपोर्टात काय लिहिणार आहेस?"

"जे मोजलं ते, सर. सकाळी पाणी लागलं. दुपारी कोरडं."

सरांनी चष्मा परत घातला. मग म्हणाले, "लिही. पण जागा तुला ठरवायची आहे. त्यात मी पडत नाही."

ग्रामसभा शाळेच्या व्हरांड्यात भरली. सरपंच म्हणजे सुभेदार तात्या, फौजेतून रिटायर होऊन आलेले.

"पोरी, तुजं मशीन काय म्हनतंय?"

"ओढ्याकाठी मारा म्हनतंय, तात्या. पानी लागंल. पन मचूळ लागंल."

"आन् तू काय म्हनतीस?"

मी रिपोर्टचा कागद वर धरला. "वरच्या विहिरीजवळ. तिथनं मी सॅम्पल घेतलंय, त्याचा रिपोर्ट हा. पानी गोडं हाय. मशीन म्हनतंय तितं नुसता काळा पाषाण हाय. कोरडं गेलं तर दोष माझा."

मागनं कुणीतरी टोमणा मारला, "एवढं शिकवलं, आन् आली आसरांच्या विहिरीवर!" लोक हसले. दुसरा म्हणाला, "मेलेल्या बोरात पानी बघितलं म्हनं. मला बी एकदा दाव की गं."

तेवढ्यात आई उठली. ग्रामसभेत ती आजवर कधी बोलली नव्हती.

"तुमची पोरं त्या पान्याची आमटी खाऊन आल्यात. घरी जाऊन इचारा. डाळ शिजली हुती का न्हाई?"

पहिलीतली एक चिमुरडी आपल्या बापाच्या मांडीवरनं ओरडली, "लय शिजली हुती!" सगळा व्हरांडा हसला. तात्यांनी हात वर केला. "ठरलं. विहिरीजवळ."

बोर मारायचं मशीन आलं. भोक खाली खाली जात राहिलं आणि वर नुसती काळी भुकटी उडत राहिली. सगळी वाडी भुकटीनं काळी झाली. यंत्रानं जे सांगितलं तेच निघत होतं, अखंड पाषाण. जुन्या बोराचा तळ कधीच मागं गेला. मशीनवाला म्हणाला, "ताई, बस झालं आता. ह्यात काय न्हाई." तात्यांनी माझ्याकडं बघितलं. मी आईकडं बघितलं. आई विहिरीच्या काठावर बसून होती, मांडीवर रिकामी कळशी घेऊन. तिनं फक्त मान हलवली — अजून.

"अजून एक पाईप जोडा," मी म्हटलं.

त्या पाईपाला भुकटी ओली झाली. मग चिखल. आणि मग असं पाणी उसळलं की मशीनवाला हातातलं टाकून मागं पळाला. पांढरंशुभ्र, पोराटोरांच्या डोक्यावरनं पलीकडं पडणारं. बायकांनी पदर खोचले आणि सरळ त्याच्याखाली जाऊन उभ्या राहिल्या. सुभेदार तात्यांनी चिंब भिजलेल्या टोपीनं पाण्याला कडक सॅल्यूट ठोकला. अल्ताफभाई चिखलात नाचत होते, "मॅडम, आष्ट्यात बी असलं न्हाई हो!" टोमणा मारणारा माणूस तोंड धुऊन माझ्याकडं आला आणि म्हणाला, "दावलंस गं बाई." आणि आईनं कळशी भरली. ओघळ पुसत माझ्याजवळ आली आणि म्हणाली, "कामाला लाग. सॅम्पल घ्यायचं ऱ्हायलंय की तुजं."

घेतलं. लॅबमध्ये दोन्ही रिपोर्ट शेजारी ठेवले. मार्चमधलं मेलेल्या बोराचं पाणी आणि हे नवं. क्षार, कॅल्शियम, क्लोराईड, सगळं जुळत होतं. एकच पाणी.

आता माझी अडचण सांगते. नवं पाणी लागलं ते जुन्या बोराच्या तळापासून खूप खोल. मध्ये सगळा अखंड पाषाण, त्यात भेग नाही, ओल नाही. ते पाणी त्या सकाळी एवढं वर, दगडांनी बुजलेल्या पाईपात कसं आलं, आणि दुपारी कुठं गेलं? भूकंपाची नोंद तपासली. पाऊस नव्हता, कॅनॉल आमच्याकडं पोचत नाही. सरांना विचारलं, त्यांच्या ओळखीच्या जाणकारांना विचारलं. सगळ्यांनी खांदे उडवले. आणि त्या हसण्याबद्दल तर मी कुणाला विचारलंच नाही. फक्त अल्ताफभाईंना विचारलं, तर ते एवढंच म्हणतात, "मॅडम, खूश हुत्या त्या. बास."

मी अजूनही चकवा म्हणणाऱ्याला मोबाईलची रेंज विचारते. पण वाडीत गेले की आधी हिरव्या बांगड्या घेते.

आई आता पहाटे झऱ्यावर जात नाही. वडील शिरवळहून येताना कॅन आणत नाहीत, पेढे आणतात. आमच्या वाडीच्या प्रत्येक घरात नळाला गोडं पाणी आहे, आणि त्यात डाळ शिजते.